आईने आमेन म्हटलं नाही

अन्याय झाला तो करुणावर, माझ्या धाकट्या बहिणीवर. वय बारा. ज्येष्ठातला दुसरा मंगळवार, दुपारी पावणेचार, लखनौ छावणीतल्या आमच्या चर्चचा मागचा हॉल. मारणारा सिरिल मास्टर, मुलांच्या गायनमंडळाचा प्रमुख. एकच थप्पड, डाव्या कानावर. त्या कानाने तिला त्यानंतर आजतागायत काही ऐकू आलेलं नाही.

सुरुवात अशी तडकाफडकी का, तर मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने लिहिताच येत नाही. मी विद्यापीठात बी.ए.ला असताना आमच्या विद्यार्थ्यांच्या गटात एक गुप्ता भैया होते. पत्रकं छापायचं सायक्लोस्टाईलचं यंत्र त्यांच्या ताब्यात, बोटं कायम शाईने काळी. पत्रक कसं लिहायचं ते त्यांनी मला शिकवलं. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि केव्हा. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं. "और बीच में रोना-धोना नहीं, शालिनी जी. रोने के लिए लोगों के पास अपना घर है." आता माझे केस पिकले, गुडघे गेले, पण ही सवय गेली नाही. एवढंच, की मधली जागा त्या काळी एका पानात संपवावी लागायची. आज मला कोणी घाई करत नाही.

आमचं मूळ घर नगर जिल्ह्यातलं. पप्पांची नोकरी छावणीतल्या एका कार्यालयात, हेडक्लार्कची, म्हणून आम्ही लखनौत. दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, पुढे कडुनिंब, मागे हातपंप. पहाटे बिगुल वाजायचा, मग कवायतीच्या शिट्ट्या, मग हातपंपाची कुरकुर, आणि त्यावर आईचं गाणं. आई गात गात खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायची आणि गाण्याच्या तालावर बत्ता पडायचा. लखनौची डाळ तिला कधी पटली नाही. "पाणीच प्यायचं तर तांब्यातून पिईन की," म्हणायची. भाजीवाल्याशी तिचं रोजचं युद्ध. "ओ भैया, ये भोपला किडका दिया तुमने!" आणि तो हात जोडून, "माताजी, हम इसको लौकी कहते हैं, आप जो चाहें कह लीजिए, मगर बदनाम न कीजिए." या शहरात लोक भांडतानासुद्धा 'आप' म्हणतात. आईच्या हिंदीत मात्र सगळे 'तुम', भाजीवाल्यापासून पाद्रीसाहेबांपर्यंत. देवही. मी घरात अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायचे आणि करुणाला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. "करुणा, दूध उतू जातंय बघ." "देख रही हूँ ना, आई."

आईचा देव शेजारच्या अंगणात राहत असावा असं वाटायचं. भाकरी थापताना, दाणे निवडताना ती त्याच्याशी बोलायची. त्याला सांगायची, विचारायची, कधी फटकारायची. आणि तरीही तो पवित्र आहे हे तिने आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही. माणसासमोर एखाद्या वेळी जीभ घसरली तर घसरली, त्याच्यासमोर नाही.

आता तो मंगळवार. लखनौत ज्येष्ठातले मंगळवार म्हणजे बडा मंगल. हनुमानाचा दिवस. रस्त्यारस्त्यावर मंडप, मोठ्या कढयांत पुऱ्या, आलूची भाजी, बुंदी, आणि बर्फ घातलेलं गुलाबी शरबत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून थांबवतात, तू कोण, कुठला, विचारत नाहीत. बाहेर डांबर वितळतंय आणि कुणीतरी तुमच्या हातात मातीचं गार कुल्हड ठेवतंय. आई आम्हाला पिऊ द्यायची. "तहानेला काय जात असते?" सिरिल मास्टरला मात्र ते मूर्तीपुढचं वाटायचं आणि गायनमंडळातल्या मुलांना त्याने सक्त मनाई केली होती. सुट्टीत रोज दुपारी गाण्याचा सराव असायचा. मधल्या वेळेत करुणा फाटकाबाहेर गेली, शरबत प्यायली आणि गुलाबी ओठ घेऊन परत आली. ओठ पुसायचं तिला सुचलं नाही. कारण आमच्या घरी ते कधी लपवावं लागलं नव्हतं.

ती एकटी चालत घरी आली, डाव्या कानावर तळहात दाबून. म्हणाली, "दीदी, सीटी बज रही है." मी खिडकीतून बाहेर पाहिलं. शिट्टी कुठेच वाजत नव्हती. आईने पाहिलं ते फ्रॉकच्या कॉलरकडे. लाल डाग. "सांडवलंस ना अंगावर? नवा फ्रॉक आहे, करुणा!" असं म्हणून तिने फ्रॉक उतरवला आणि मागे हातपंपावर बसून साबणाने खसाखसा घासला. बोलत, रागावत. करुणा गप्प. मास्टरने तिला सांगितलं होतं, घरी बोललीस तर गाणं बंद. तिसऱ्या दिवशी ताप चढला, कानातून पू आला, तेव्हा तिने तोंड उघडलं. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं. पडदा फाटला होता, आत खोलवर दुखापत होती. त्यांनी औषधं दिली आणि पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की ऐकणं परत येईल ही आशा ठेवू नका. घरी आल्यावर आई थेट मागे गेली. तो धुतलेला फ्रॉक दोरीवर होता. कॉलरवर डाग राहिला नव्हता. ती त्या स्वच्छ कॉलरकडे इतका वेळ बघत उभी राहिली की मला तिची भीती वाटली.

पुढच्या मंगळवारी पाद्रीसाहेब आणि चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. सोबत दशहरी आंब्यांची टोपली. मास्टर किती जुने सेवक, किती पिढ्यांना त्यांनी गायला शिकवलं, हे सगळं झालं. मग मुद्दा. येत्या शुक्रवारची घरगुती प्रार्थनासभा आमच्याकडे होती. आमच्या मंडळीत रिवाज असा की सभेत प्रत्येकाने साक्ष द्यायची, म्हणजे या आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. तर करुणाने साक्ष द्यावी. ती हातपंपावर घसरून पडली, कानाला लागलं, पण प्रभूने जीव वाचवला. "बस, इतना कह दे बिटिया. सबके मन को शांति मिल जाएगी."

पप्पांनी मान डोलावली. आंबे आत ठेवले.

ते गेल्यावर मी पप्पांवर तुटून पडले. पप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "शालू, इथून नगर किती लांब आहे तुला ठाऊक आहे? इथे आपलं कोण आहे? ही मंडळीच. उद्या मी मेलो तर मला खांदा कोण देणार? तुझे पत्रकवाले?" मी म्हणाले, "देतील! निदान ते खोटं बोलून तरी देणार नाहीत." आज मला ते उत्तर उद्धट वाटतं. पण चुकीचं अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुप्ता भैयांकडे जाऊन पत्रकाचं स्टेन्सिल कापलं. करुणाचं नाव, वार, वेळ, मास्टरचं नाव. वेळ मला लिली आंटींनी सांगितली. त्या हॉलची झाडलोट करायच्या, तिथल्या घड्याळाला चावी द्यायच्या. दारातूनच म्हणाल्या, "पौने चार बजे थे. बस, और मुझसे कुछ मत पूछो, बेटा." मी गठ्ठा घरी आणला. रविवारी चर्चच्या फाटकावर वाटायचा बेत. आईने एक प्रत घेतली आणि ओळीखाली बोट फिरवत वाचली. तिचं हिंदी वाचन सावकाश.

"यात सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण हे तू माणसांना लिहिलंयस. ज्याला आधी विचारायला पाहिजे त्याला विचारलंच नाहीस."

"कोणाला? देवाला?" मी हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. "आई, तो हॉल त्याचाच होता. गाणं त्याचंच चाललं होतं. तेव्हा तो काय करत होता? पवित्र म्हणे! पवित्र असता तर मास्टरचा हात वरच्यावर वाळला असता."

मला वाटलं ती ओरडेल. ती पिठाचे हात पुसत खाली बसली. "मलाही तेच विचारायचंय त्याला. पण एक सांगते, शाले. मास्टर पवित्र नाही. मंडळी नाही. मीही नाही, मी माझ्या लेकराचं रक्त साबणाने धुतलं आणि वर तिलाच बोलले. मग एक तरी कुणी पवित्र असलाच पाहिजे. नाहीतर हे वाईट झालं असं मी म्हणू कुणाच्या जोरावर?"

"तो गप्प आहे आई. गप्प म्हणजे त्याला चालतंय."

"गप्प तर तुझे पप्पापण आहेत. त्यांना चालतंय? ते आंबे बघ. एकाला तरी हात लावलाय का त्यांनी?" आंबे पिकून त्यांचा वास दोन्ही खोल्यांत भरला होता आणि टोपली जशीच्या तशी होती.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला सभा. ऊन अजून भिंतीवर होतं. सतरंज्या घातल्या, खिडकीला खसची, म्हणजे वाळ्याची ताटी भिजवून लावली. स्टोव्हवर चहासाठी दूध. आईने मठऱ्या केल्या होत्या आणि नगरच्या पद्धतीचा चिवडा. वीस-बावीस माणसं दाटीवाटीने बसली. सिरिल मास्टर नेहमीसारखा पेटीजवळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. त्याने गाणं सुरू केलं. देवाच्या पवित्रपणाचंच गाणं होतं, आणि आवाज, खोटं कशाला सांगू, सुरेल होता. करुणा माझ्या शेजारी उजवा कान पुढे करून ऐकत होती. कालपासून तिने मला तीनदा विचारलं होतं, "दीदी, झूठी गवाही देने से भगवान मेरा दूसरा कान भी ले लेंगे क्या?" आमच्यासाठी त्या संध्याकाळी पणाला लागलेलं ते हे होतं. तो कान गेलेलाच होता. आता तिच्या तोंडून देवासमोर खोटं वदवून तिचा देवही काढून घेणार होते.

पाद्रीसाहेब म्हणाले, "अब करुणा बिटिया अपनी गवाही देगी."

करुणा उठायला लागली. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं. "वो नहीं देगी. मैं देती. प्रार्थना में देती." आणि ती उभी राहिली. प्रार्थना म्हटल्यावर सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे माना खाली घातल्या, डोळे मिटले. आई नेहमी मराठीत प्रार्थना करायची. त्या दिवशी तिने तिची ती तोडकीमोडकी हिंदी मुद्दाम वापरली. सगळ्यांना समजावं म्हणून.

"प्रभू, तुम पवित्र है. अभी सबने गाया. तो मेरी लड़की तुम्हारे सामने झूठ नहीं बोलेगी. वो नल पे नहीं गिरी. उसको मारा. मारने वाला इधर बैठा है, आँख बंद करके. तुमने देखा. तुम सब देखता है ना? तो फिर तुम चुप कायको? मैंने फ्रॉक धोया, प्रभू. मैं समझी शरबत है. मेरे को माफ कर. पर मैं तुमको ऐसे नहीं छोड़ेगी. सुन. इस हफ्ते तुमने मेरे घर में कुछ नहीं किया. यही मेरी गवाही. अब तुम बोल. नहीं तो इनमें से किसी को बोलने को लगा. तब तक मैं आमेन नहीं बोलती."

आणि ती थांबली.

आमच्या लोकांत प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत कोणी डोळे उघडत नाही, कोणी उठत नाही. लहानपणापासून हाडात मुरलेलं असतं ते. पोराला खोकला आला तरी दाबून धरायचा. तर वीस-बावीस माणसं डोळे मिटून, माना खाली घालून आमच्या सतरंजीवर अडकून पडली. स्टोव्ह फरफरत होता. पंखा. बाहेर कडुनिंबावर कोकीळ. मी डोळे उघडले, मला ते नियम तेव्हा उरले नव्हते. घाम लोकांच्या नाकावरून टपकत होता. दूध उतू गेलं, करपलं, त्याचा वास खोलीत पसरला, कोणी हललं नाही. मी आढ्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, बोल की. एवढी संधी परत मिळायची नाही.

पाद्रीसाहेबांनी घसा खाकरला. हळूच म्हणाले, "आ…मेन?"

"मेरा प्रार्थना है, पाद्रीसाहेब," आई म्हणाली. "आमेन भी मेरा."

कोणीतरी नाकातून हसलं आणि लगेच गप्प झालं. ऊन भिंतीवरून सरकून गेलं. मग पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला, आतली हवा सुस्कारा टाकावा तशी निघाली. सिरिल मास्टर उठला. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेला. त्याच्या सँडलला बक्कल होतं. ते त्याला लागेना. बक्कल खणखणत राहिलं, आणि आख्खी खोली डोळे मिटून ते ऐकत राहिली. मग फाटक वाजलं.

"मैंने देखा था," लिली आंटी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. "हाथ इतना ऊपर उठा था. मैं झाड़ू लेके खड़ी थी. मैंने देखा, और मैंने घड़ी में चाबी दी, और घर चली गई."

त्यानंतर जे बोलले ते पप्पा. मराठीत बोलले, त्यामुळे अर्ध्या खोलीला कळलं नाही. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "आणि मी आंबे घेतले."

मी आईकडे पाहिलं. आता म्हणेल, असं मला वाटलं. आई खाली बसली आणि करुणाचं डोकं मांडीवर घेतलं. "माणसं बोलली," ती म्हणाली. "त्याचं राहिलंय अजून." हळूहळू एकेकाने डोळे उघडले. आमेनशिवाय उठायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं. चहा न घेता, एकमेकांकडे न बघता, चोरासारखे सगळे निघून गेले. मठऱ्या आम्ही आठवडाभर खाल्ल्या.

रविवारी मी फाटकावर उभी राहून पत्रकं वाटली. आई शेजारी उभी होती, हातात गठ्ठा धरून. पाद्रीसाहेब म्हणाले, "बेटी, अब तो हो गया ना, अब क्यों?" मी म्हणाले, "क्या हो गया, साहब? कान आ गया?" त्या दिवशी गायनमंडळात चार मुली कमी होत्या. एवढाच आमचा विजय. मास्टरला काही महिने विश्रांती दिली गेली आणि नाताळात तो परत पेटीवर होता. त्याने कधी माफी मागितली नाही. त्याच्यावर वीज पडली नाही. झोपेत, म्हातारा होऊन गेला. लोक त्याला पुण्यवान मरण म्हणाले.

आणि आई दर रविवारी चर्चला गेली. पहिल्या बाकावर बसून मोठ्याने गायली. सगळ्या प्रार्थना ऐकल्या, फक्त आमेनला ओठ मिटून घ्यायची. लोकांना वाटलं, आठवडाभर चालेल. ते तिच्या मरणापर्यंत चाललं. शेवटच्या आजारात मी विचारलं, "अजून विश्वास आहे?" ती चिडली. "नसता तर इतकी वर्षं कुणाच्या दारात बसलेय मी?" मला तिच्यासारखा विश्वास जमला नाही. पण मी ते दार सोडून उठलेही नाही. तिला मातीत ठेवलं तेव्हा सगळे सवयीने आमेन म्हणाले. मी तोंड मिटून घेतलं. तिची जागा रिकामी ठेवायची नव्हती.

करुणा आता आजी झाली आहे. अजून गाते. कुठेही गेली तरी माणसांना उजव्या हाताला घेऊन बसते. मागच्या महिन्यात मी हे प्रकरण लिहितेय म्हटल्यावर हसली. "दीदी, आप लोग लड़ते रहिए. मुझे तो शरबत याद है. बहुत अच्छा था." मग म्हणाली, देव कदाचित तिच्या डाव्या बाजूला बसून बोलत असेल, म्हणून ऐकू येत नसेल. ती हे गमतीने म्हणाली. मला ही गंमत चालत नाही. बारा वर्षांच्या पोरीचा कुठला कान गेला ते त्याला ठाऊक आहे. मग त्याने उठून उजवीकडे यावं. मी वाट बघतेय आणि वाट बघताना गप्प बसणार नाही.

आता शेवटची ओळ, गुप्ता भैयांच्या नियमाची. तुम्हालाही एक नाव ठाऊक आहे. कोणाला मारलं, कोणी मारलं, वार कुठला होता, घड्याळात किती वाजले होते, हे तुम्ही विसरलेला नाहीत. ते तुमच्या देवळात असेल, चर्चमध्ये, मशिदीत, शाळेत, तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. पुढच्या वेळी तिथे सगळे माना खाली घालून बसतील तेव्हा उभे राहा आणि ते नाव मोठ्याने घ्या. तोवर आमेन म्हणू नका.